पाच मिनिटांचं एपॉक्सी आणि तीन आठवड्यांची चिकचिक

वाचकाचं पत्र, थोडक्यात : भांडुपचे एक वाचक, वय ४८, नोकरी फोर्टात, घर वन बीएचके. नववीतल्या लेकीबरोबर त्यांनी रिमोटवर चालणारा ७५ सेंटिमीटरचा मचवा (कोकणी होडीचं मॉडेल) बांधला. प्लायच्या फ्रेम, वर बाल्साच्या, म्हणजे अगदी हलक्या लाकडाच्या, पट्ट्या. रविवारी तीन ते सहा एवढाच वेळ मिळतो, म्हणून सगळे जोड पाच मिनिटांत सुकणाऱ्या एपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून होणाऱ्या गोंदाने) केले. मे महिन्यात अलिबागला सासरवाडीच्या तळ्यात मचवा सोडला. दहा मिनिटांत पाण्यातल्या पंख्याचा दांडा ज्यातून जातो त्या पितळी नळीशेजारून पाणी शिरलं आणि तो कलंडला. घरी येऊन नळी ओढली तर सुळकन हातात आली, आरशासारखी स्वच्छ. मग रंग खरवडून हस्तकलेच्या दुकानातलं चकचकीत रेझिन बाहेरून लावलं. डब्यावर 'मापाने २ : १' होतं. यांनी किचनच्या काट्यावर ४० ग्रॅमला २० ग्रॅम हार्डनर घेतला, आणि 'पावसाळा आहे, सढळ हाताने घाला' या दुकानदाराच्या सल्ल्यावरून वर एक चमचा. तीन आठवडे झाले, बोट अजून चिकटतं. मेव्हणे म्हणतात, परदेशी मरीन एपॉक्सीशिवाय काही खरं नाही. पत्नी म्हणतात, सासूबाईंना दमा आहे, घरात हे प्रकरण नको. त्यांचा प्रश्न : 'महाग असलं तरी चालेल, पण योग्य एपॉक्सी कुठलं ते एकदाच सांगा. दिवाळीत पुन्हा अलिबागला जायचंय.'

नमस्कार,

तुम्ही मला नाव विचारताय, पण तुमची निवड कशावरून झाली ते पत्रात तुम्हीच सांगून टाकलंय. ती घड्याळावरून झाली. त्यात गैर काही नाही, एपॉक्सी घड्याळ बघूनच घ्यायचं असतं. फक्त ते घड्याळ कोणाचं, इथे गफलत झाली.

पाच मिनिटांचं एपॉक्सी आपला वेळ वाचवतं असं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं बघा. बारा फ्रेम कण्याला जोडायच्या तर बारा वेळा दोन नळ्या पिळायच्या, बारा वेळा घोटायचं, आणि तिसरी फ्रेम गुण्यात धरेपर्यंत झाकणातलं उरलेलं एपॉक्सी च्युइंगमसारखं झालेलं. पाकिटावरची वेळ साधारण २३ ते २५ अंशांची असते आणि ढोबळ हिशोबाने तापमान १० अंशांनी वाढलं की एपॉक्सीचा वेग दुप्पट होतो. म्हणजे भांडुपला मे महिन्यात पाचातली तीनच मिनिटं हाती लागतात. घाई होते, फ्रेम तिरकी बसते, आणि ती तिरकी बसलीय हे पट्ट्या लावताना कळतं.

सावकाश सुकणारं एपॉक्सी घेतलं असतं तर तीन वाजता एकदाच घोटून चारपर्यंत निवांत सगळ्या फ्रेम लावल्या असत्या, गुण्या लावून तपासल्या असत्या, एखादी उचलून परत बसवली असती. सहाला चहा. पुढचे बारा तास काम एपॉक्सीचं, तुमचं नाही. तुम्ही जेवा, झोपा, सकाळची लोकल पकडा. ज्याच्याकडे आठवड्यात तीनच तास आहेत त्याने सावकाश सुकणारंच घ्यावं, असं माझं मत आहे. मला हे कळायला चार बोटी लागल्या.

आता तळ्याकाठी काय झालं ते. तुमचं निदान असं की पाच मिनिटांचं एपॉक्सी पाण्यात टिकलं नाही. या जातीच्या एपॉक्सीत ती खोड आहे हे खरं. त्याचा हार्डनर बहुतेक वेळा मर्कॅप्टन जातीचा असतो, तो गंधकाचा कुजकट वास त्याचाच. वेग त्याच्यामुळे येतो, आणि त्या वेगाची किंमत पाण्यात आणि उन्हात मोजावी लागते. पाण्यात फार काळ राहिलं तर ते मऊ पडतं, तापलेल्या गाडीच्या डिकीतही मऊ पडतं. पण दहा मिनिटांत? दहा मिनिटांत कुठलंही एपॉक्सी पाण्याने हार मानत नाही.

खरा पुरावा तुमच्या हातात आलेली ती आरशासारखी नळी आहे. एपॉक्सी तुटलं असतं तर थोडं पितळावर आणि थोडं लाकडात राहिलं असतं. सगळं लाकडात राहिलं आणि पितळ स्वच्छ निघालं, याचा अर्थ ते पितळाला कधी धरलंच नव्हतं. पितळी नळी दुकानातून येते ती गुळगुळीत आणि तेलाचा हलका हात लागलेली. मोटरच्या थरथरीने पहिल्या दोन मिनिटांत जोड मोकळा झाला असणार, उरलेली आठ मिनिटं पाणी भरण्यात गेली. त्या जागी मेव्हण्यांचं परदेशी एपॉक्सी असतं तरी मचवा कलंडलाच असता, फक्त जास्त पैसे घेऊन.

ही नळी (मॉडेलवाले तिला स्टर्न ट्यूब म्हणतात) परत बसवताना असं करा. जेवढा भाग लाकडात जाणार तेवढाच ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवा-उभा घासा, चमक पूर्ण जाऊन पितळ पिठूळ दिसायला हवं. मग मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कापडावर पुसा, कापड काळं येणं थांबेपर्यंत. त्यानंतर तिथे बोट लावायचं नाही, बोटालाही तेल असतं. नळीच्या दोन्ही तोंडांत साबणाचा बोळा कोंबा म्हणजे आत एपॉक्सी जाणार नाही. ग्रीस सगळ्यात शेवटी, जोड पक्का झाल्यावर. लाकडातलं भोक नळीपेक्षा किंचित मोठं ठेवा, कारण एपॉक्सीला थोडी जागा लागते. पिळून पिळून क्लॅम्प लावला तर सगळं बाहेर येतं आणि जोड उपाशी राहतो. आधी पातळ एपॉक्सी काडीने भोकाच्या कडांना पाजा, दहा मिनिटं ते लाकडात मुरू द्या. मग उरलेल्यात लाकडाचा बारीक भुसा मिसळून चक्क्याइतकं घट्ट करा, नळी त्यात फिरवत बसवा, आणि आतल्या बाजूने आइस्क्रीमच्या काडीच्या गोल टोकाने कोपरा भरून घ्या. भुसा सुताराकडचा, चहाच्या गाळणीतून गाळलेला. ती गाळणी मग कायमची मचव्याची झाली, हे घरात आधीच सांगून ठेवा.

या जोडांसाठी लागणारं एपॉक्सी मुंबईत कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात असतं. 'एपॉक्सी द्या' म्हटलंत तर दुकानदार कदाचित बघत राहील, 'अराल्डाइट द्या' म्हटलंत की दोन नळ्यांचं खोकं पुढे येतं. त्यातलं साधं, सावकाश सुकणारं घ्या. वजनाने १० ला ८, मापाने जवळपास सारखं. फ्रेम, कणा, नळी, सुकाणूचा दांडा, मोटरचा पाट, सगळं त्यात होतं. तुमच्याकडे उरलेलं पाच मिनिटांवालं फेकू नका. बोटीच्या आत, पाणी लागत नाही अशा ठिकाणी एखादी पट्टी जागेवर धरून ठेवायला ते छान आहे. फेविक्विकचंही तेच. टाका घालायला ठीक, पण तो जोड ठिसूळ असतो, ठोकर लागली की गेला.

हे झालं जोडाचं. बाहेरून लेप द्यायचा असतो तेव्हा लागणारं एपॉक्सी वेगळं, आणि तुमचा दुसरा घोटाळा इथे झाला.

हस्तकलेचं रेझिन वाईट नसतं. ट्रे, घड्याळं, फुलं घातलेली पेंडंट यांसाठी ते बनवलेलं असतं. साच्यात जाड ओतलं तरी तापून तडकू नये म्हणून ते मुद्दाम मंद ठेवतात. जाड थर असला की स्वतःच्याच उष्णतेवर ते नीट जमतं. तेच लाकडावर ब्रशने पातळ पसरलं की उष्णता हवेत उडून जाते आणि ते दिवसेंदिवस सुस्त पडून राहतं. त्यात तुमचं माप चुकलं.

डब्यावर २ : १ होतं ते मापाने, म्हणजे मिलिलिटरने. तुम्ही ते वजनाने घेतलंत. रेझिन पाण्यापेक्षा जड असतं, साधारण १.१५ पट, आणि हार्डनर पाण्याहून थोडा हलका. म्हणून मापाचं २ : १ वजनात १०० ला ४२-४३ होतं. तुमच्या ४० ग्रॅमला १७ ग्रॅम पुरे होते. तुम्ही २० घातलेत, वर चमचा. चमच्यात पाच ग्रॅम धरले तर हार्डनर जवळजवळ दीडपट झाला.

दुकानदाराने वाईट हेतूने सांगितलं नसेल. हा सल्ला पॉलिएस्टर रेझिनच्या दुनियेतून आलेला आहे. कोळीवाड्यात फायबरच्या होड्यांची डागडुजी ज्याने करतात ते पॉलिएस्टर, आणि त्यात जे दोन थेंब टाकतात ते विरजणासारखं असतं. थंडीत विरजण थोडं जास्त घातलं तर दही लवकर लागतं, तसंच. एपॉक्सीचा हार्डनर विरजण नाही. तो फुगडीतली जोडीदारीण आहे. रेझिनच्या प्रत्येक हाताला हार्डनरचा एक हात. मंगळागौरीला दहा जणी फुगडीला उभ्या राहिल्या आणि समोर पंधरा आल्या, तर पाच जणी नुसत्या कडेला उभ्या राहणार. तुमच्या मचव्यावर बोटाला चिकटतात त्या याच. जास्त हार्डनरने एपॉक्सी लवकर सुकत नाही, मऊ राहतं. वेग हवा असेल तर वेगवान हार्डनर वेगळा मिळतो, प्रमाण मात्र तेच.

लेपासाठी आणि मजबुतीला वर काचेचं कापड (काचेच्या धाग्यांचं) बसवण्यासाठी जे हवं ते लॅमिनेटिंग एपॉक्सी. पातळ असतं, कापडात आणि लाकडात शिरतं, आणि पातळ थरातही नीट जमतं. मी इंजिनिअरिंगला असताना आमच्या लॅबमध्ये एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर ही जोडी होती. देशभरातल्या कितीतरी कॉलेजांत प्रोजेक्टवाली पोरं अजूनही तीच वापरतात, फायबरग्लासचं सामान विकणाऱ्यांकडे ती मिळते. वजनाने १०० ला १०. काम उत्तम, पण तुमच्यासाठी त्यात एक खोच आहे. मचव्याच्या एका हाताला ३० ग्रॅम रेझिन लागेल, म्हणजे हार्डनर ३ ग्रॅम. किचनचा काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो. तो अर्ध्या ग्रॅमने चुकला तरी तुमच्या मापात सोळा-सतरा टक्क्यांचा फरक पडला. म्हणून थोडं थोडं कालवणाऱ्याने एकतर ०.१ ग्रॅम किंवा त्याहून बारीक दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्यावा, नाहीतर २ : १ किंवा ३ : १ प्रमाणाचं लॅमिनेटिंग एपॉक्सी शोधावं. त्यात अर्ध्या ग्रॅमची चूक पचते. माझ्या मते ब्रँडपेक्षा ही गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि डब्यावर ती कोणी मोठ्या अक्षरांत छापत नाही.

मापाने घ्यायचं असेल तर मेडिकलमधून दोन सिरिंज आणा, एक रेझिनची आणि एक हार्डनरची, वर मार्करने लिहा आणि त्यांची कधीही अदलाबदल करू नका. खोकल्याच्या औषधाच्या टोपीवर मिलिलिटरच्या रेघा असतात, तीही चालते, आणि त्यात उरलेलं एपॉक्सी कडक झालं की टोपी पिळून अखंड निघतं. घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटं घोटा, कडा आणि तळ खरवडत. मग ते सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा अर्धं मिनिट. पहिल्या कपाच्या कडेला चिकटलेलं कच्चं रेझिन ब्रशबरोबर बोटीवर जातं आणि नेमका तेवढाच ठिपका जन्मभर चिकट राहतो.

घोटून झालं की ते कपात ठेवू नका, पसरट ताटलीत काढा. मी एकदा मे महिन्यात गॅलरीत दीडशे ग्रॅम एकदम कालवलं आणि फोन घ्यायला आत गेले. परत आले तर प्लास्टिकचा कप वितळून बसका झालेला, आतून धूर, आणि शेजारच्या काकू विचारतायत, 'काय गं, काही करपलं का?' एका जागी साठलेलं एपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने आणखी तापतं, तापलं की आणखी वेगाने जमतं, आणि तापत सुटतं. पसरलं की थंड राहतं, कामाला वेळही जास्त मिळतो.

किती लागेल? ७५ सेंटिमीटरच्या मचव्याची बाहेरची बाजू ०.२ चौरस मीटरच्या आत-बाहेर. त्यावर ५० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं विणलेलं काचेचं कापड एकदा बसवायचं आणि वर दोन हात मारायचे, आतून एक हात, शिवाय वाया जाणारं, असं धरूनही पाव किलोत भागावं. मेव्हण्यांना हे सांगायला हरकत नाही. मोठा डबा आणाल तर उरलेलं पुढच्या पावसाळ्यापर्यंत पडून राहील, हार्डनर ओल खाईल आणि लाल-तपकिरी होईल.

कापड घेताना 'विणलेलं' म्हणून सांगा. नुसतं 'फायबर द्या' म्हटलंत की मॅट हातात पडते, तुकड्या-तुकड्यांच्या धाग्यांची. त्या मॅटचे धागे ज्या चिकट द्रव्याने एकत्र धरलेले असतात ते पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळायचं असतं. एपॉक्सीत स्टायरीन नाही, त्यामुळे मॅट ताठच राहते, वळणावर बसत नाही. आणि पॉलिएस्टर घरात आणूच नका. लाकडाला ते एपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही, थर्मोकोल खाऊन टाकतं, आणि त्याचा वास जिन्यात दोन मजले उतरतो. सासूबाईंचा मुद्दा तिथे शंभर टक्के बरोबर.

आता पावसाळा. तुमच्या चिकचिकीत त्याचाही वाटा असू शकतो, आणि किती ते घरबसल्या तपासता येतं. दमट हवेत हार्डनरमधले अमाइन (त्यातलं मुख्य रसायन) वर येऊन हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल यांच्याशी जुळतात, त्यातून पृष्ठभागावर मेणचट, तेलकट साय धरते. ती पाण्यात विरघळते. तेव्हा कोमट पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी घ्या, मचव्याचा एक हातभर भाग हलक्या हाताने धुवा, पुसा, तासभर वाळू द्या. चिकटपणा गेला आणि खाली कडक लागलं तर ती साय होती. सगळा मचवा धुवून काढा, मगच घासायला घ्या. आधी घासलंत तर पेपर ती साय आत चोळतो आणि वरचा हात धरत नाही.

धुतल्यावरही नख दाबलं की खूण उमटते का? मग ते कच्चं आहे, आणि तुमचं माप बघता मला हीच भीती वाटते. एक प्रयत्न करून बघा. मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मचवा ठेवा, एका बाजूला ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तार तापणारा बल्ब, पुठ्ठ्यापासून चांगला वीतभर लांब, वरून हवेला भोक, आणि खोक्यात थर्मामीटर. ४०-४५ अंशांवर सात-आठ तास. कोणीतरी घरात जागं असतानाच, बल्ब चालू ठेवून बाहेर जायचं नाही. त्यानंतर थंड झाल्यावर पुन्हा नख. कडक झालं तर नशीब. नाही झालं तर हेअर ड्रायरने मऊ करत पत्र्याच्या तुकड्याने खरवडा, उरलेलं आयसोप्रोपिलने पुसून काढा, गॅलरीत, हातमोजे घालून. दोन संध्याकाळी जातील. कच्च्या थरावर नीट मोजलेलं एपॉक्सी लावलं की खालचंही सुकतं असं काही जण सांगतील. मी तो जुगार खेळत नाही. वरचा थर कडक आणि खालचा लिबलिबीत राहिला तर पहिल्या ठोकरीला पापुद्रा निघतो.

हेच खोकं पुढच्या लेपालाही कामाला येतं. २८ अंशांवरची ८५ टक्के दमट हवा ३८ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता पन्नाशीच्या आसपास उतरते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेची धरून ठेवायची ताकद वाढते. म्हणून लाकूड आधी खोक्यात तासभर गरम करायचं, बाहेर काढून ते निवत असताना लेप लावायचा. निवताना लाकडाच्या छिद्रांतली हवा आकसते आणि एपॉक्सी आत ओढून घेते. उलट केलंत, म्हणजे गार लाकडावर लेप लावून मग तापवलंत, तर ती हवा फुगून वर येते आणि बाल्साभर मोहरीएवढे बुडबुडे. याच कारणासाठी उन्हाळ्यात लेप सकाळी लावत नाहीत, संध्याकाळी लावतात. लेप जरा बोटाला ओढ देऊ लागला की खोक्यात परत.

मंगलदास मार्केटमध्ये ब्लाउजच्या किंवा पर्सच्या अस्तराचं पातळ, घट्ट विणीचं नायलॉन किंवा पॉलिएस्टर कापड मिळतं. मीटरभर आणा. ओल्या लेपावर ते सुरकुती न पाडता पसरायचं, एपॉक्सी कडक झालं की सालासारखं ओढून काढायचं. साय त्या कापडाबरोबर निघून जाते आणि खाली एकसारखा खरबरीत पृष्ठभाग मिळतो, घासायचं काम निम्मं होतं. काही अस्तरांवर कसला तरी लेप असतो, म्हणून आधी प्लायच्या तुकड्यावर करून बघा.

घरातल्यांचं. एपॉक्सीला वास कमी म्हणून लोक ते निरुपद्रवी समजतात. हार्डनरची वाफ दमेकऱ्याला त्रास देऊ शकते, आणि घासताना उडणारी धूळ तर नक्कीच. कालवणं-लावणं गॅलरीत किंवा गच्चीत, घासणं नेहमी ओलं, वॉटर पेपर आणि पाणी वापरून, आणि मचवा किमान पहिले २४ तास सासूबाईंच्या खोलीत नाही. लेकीला आणि तुम्हाला नायट्राइलचे हातमोजे. हाताला लागलंच तर साबण-पाणी, थिनर नाही, थिनर ते कातडीत आणखी आत नेतो. हत्यारं पुसायला व्हिनेगर चालतं. मी कॉलेजात मोजे घालायचे नाही, बाकी कोणीच घालत नव्हतं. तिसऱ्या वर्षी दोन्ही मनगटांवर लाल चट्टे आले. एकदा अंगाने एपॉक्सीशी वैर धरलं की ते सुटत नाही, आजही मोजा फाटला तर दुसऱ्या दिवशी कळतं. नववीतल्या मुलीला ही भेट देऊ नका.

आणि एक आडवा प्रश्न. सगळीकडे एपॉक्सी हवंच का? मचवा वर्षातून चार-पाच वेळा गोड्या पाण्यात तासभर फिरणार आणि मग पुसून कपाटावर जाणार. कोकणातल्या लाकडी होड्यांच्या फटी कापूस, राळ आणि तेलाने बंद करायचे, त्या तर महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात. माझा भाऊ एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होता, तिथे शिप मॉडेलिंग ही रीतसर स्पर्धा असते. ही पोरं रात्री जागून बोटी बांधायची, आणि त्यातल्या कितीतरी फेविकॉल, सँडिंग सीलर आणि रंगावर तरंगायच्या. पट्ट्या फ्रेमला जोडायला पाणी सोसणारा फेविकॉल, मरीन म्हणून मिळतो तो, पुरेसा आहे. वास नाही, वजन कमी, घासायला सोपा. पुढची बोट कराल तेव्हा एपॉक्सी फक्त नळीला, कण्याला आणि बाहेरच्या एका कापडाला ठेवा. सासूबाईंच्या दृष्टीनेही हे बरं, आणि पट्ट्या लावायचं काम लेक आठवड्यात मधल्या दिवशीही करू शकेल.

या मचव्याला मात्र आता एपॉक्सी लागलंच आहे, तर ते पूर्ण करा. वरून वार्निश किंवा रंग हवा, कारण ऊन एपॉक्सीला पिवळं करून मग पिठूळ करतं. रंग शक्यतो गडद नको. घरच्या तापमानाला जमलेलं एपॉक्सी ५०-६० अंशांवर मऊ पडायला लागतं आणि काळा डेक उन्हात तेवढा सहज तापतो. शेवटच्या हातानंतर सात दिवस तरी पाण्यात सोडू नका. २४ तासांत हातात धरता येतं, पण पूर्ण ताकद यायला आठवडा जातो. दिवाळीला दोन महिने आहेत, म्हणजे तुमच्या हिशोबात आठ रविवार. दोन खरवडायला, एक नळीला, एक कापडाला, एक वरच्या हातांना, एक रंगाला. दोन उरतात. घरच्या बादलीत आधी तरंगवून बघायला एक ठेवा, नाक बाहेर राहिलं तरी चालेल, नळीकडची बाजू बुडाली पाहिजे. अलिबागला सगळ्यांसमोर पहिली चाचणी नको.

मेव्हण्यांनी खरंच परदेशी डबा आणून दिला तर नाही म्हणू नका. चांगलं मरीन एपॉक्सी चांगलंच असतं. त्याचं प्रमाण वजनाने दिलंय की मापाने, तेवढं डबा उघडायच्या आधी वाचा. आणि त्याच्या आधी, आज रात्रीच, घासणी आणि कोमट पाणी. नख उमटलं की नाही ते मला कळवा.